पाना खाली ठेवायला सहा महिने लागले

मागच्या आठवड्यात बाजूच्या लाइनवरच्या एका पोराला सुपरवायझर केलं. कंपनीबाहेरच्या टपरीवर त्यानं मला धरलं. "भाऊ, पहिल्या दिवशी नेमकं काय करायचं असते?" चहा संपेपर्यंत विचार केला, तरी धड उत्तर सुचलं नाही. घरी जाऊन लिहून काढतो म्हटलं. ते हे. नाव कोणाचंच देत नाही, कंपनीचंही नाही.

मी आयटीआय टर्नर. नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात अकरा वर्षं सीएनसी सेटर होतो. सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, आणि सेटर म्हणजे त्यावर नवा जॉब, म्हणजे घडवायचा पार्ट, लावून देणारा. जॉब पकडणारं फिक्स्चर बसवायचं, टूल लावायचे, ऑफसेट घ्यायचे म्हणजे टूलची मापं मशीनला द्यायची, पहिला पीस काढून गेजला लावून पाहायचा आणि बरोबर निघाला की मशीन ऑपरेटरच्या हवाली करायचं. या कामात माझा हात चांगला होता. पुढची सगळी भानगड त्यातूनच झाली.

२८ एप्रिल २०२३, शुक्रवार. शिफ्ट सुटायला अर्धा तास असताना मॅनेजर सरांनी केबिनमध्ये बोलावलं. आदल्या दिवशीच्या रिजेक्शनबद्दल असेल म्हणून मी एक खराब पीस खिशात टाकूनच गेलो. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. "दोन तारखेपासून लाइन तुमची," म्हणाले आणि पत्र पुढे केलं. १ मेची महाराष्ट्र दिनाची सुट्टी, म्हणून दोन तारीख. पद लाइन सुपरवायझर, प्रोबेशन सहा महिने, हाताखाली १७ माणसं: ६ परमनंट, ९ ठेकेदाराची, २ अप्रेंटिस. सही करायला दोन दिवस दिले.

त्या दोन दिवसांत एक काम मी बरं केलं, कागदावर हिशेब मांडला. सेटर असताना पगार २७,५०० आणि महिन्याला साधारण २० तास ओव्हरटाइम, म्हणजे ओटी. तेव्हाच्या कारखाना कायद्याप्रमाणे ओटी दुप्पट दरानं मिळायचा, तो सव्वापाच हजारांच्या आसपास जायचा. नव्या पदाचा पगार ३१,७००, पण सुपरवायझरला आमच्याकडे ओटी नाही. म्हणजे हातात दरमहा अकराशे रुपये कमीच. बायकोनं कागद पाहिला आणि म्हणाली, "प्रमोशन झालं अन् पगार कमी झाला?" मी म्हटलं, "तसं नाही नं." "मग कसं?" पुढं मला काही बोलता येईना. अजून एक गोष्ट युनियनच्या माणसानं सांगितली. देखरेखीचं काम आणि दहा हजारांवर पगार असला की तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यात तुम्ही 'वर्कमन', म्हणजे त्या कायद्यातला कामगार, राहत नव्हता. आमच्याकडे तेव्हा युनियनचं कार्डही परत द्यावं लागतं. हे सगळं सही करण्याआधी विचारून घ्या. नंतर कळलं तर उगाच मनात राहतं. मी विचारलं आणि मग सही केली. केली कारण अकरा वर्षं मी टपरीवर बसून सुपरवायझरांना नावं ठेवत आलो होतो.

२ मे. शेडमध्ये पंखे गरम हवा फिरवत होते. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना उभं करून पाच मिनिटं बोललो. काय बोललो ते आठवत नाही, दोघं जण मागं हसत होते तेवढं आठवतं. त्यातला एक माझा दोस्त. आम्ही एकाच महिन्यात लागलो होतो, आठ वर्षं एका डब्यात जेवलो. रविवारी सकाळी तर्री पोहे खायलाही सोबत जायचो. इथं त्याला दोस्तच म्हणतो.

चौथ्या तारखेला तीन नंबरच्या मशीनवर बोअरचं, म्हणजे पार्टच्या आतल्या भोकाचं, माप सरकायला लागलं. मी जाऊन पाना हातात घेतला. पाऊण तासात माप बरोबर आणलं, मनातून खूष झालो. मागं वळून पाहतो तर दोन मशीनवर माल नाही म्हणून पोरं उभी, अप्रेंटिस मोबाईल पाहतोय आणि दुसऱ्या शिफ्टला द्यायची चार्जची वही कोरी. तरी मला चूक कळली नाही. पंधरा दिवस हेच चाललं. कुठं काही अडलं की मीच वाकलेलो.

आमच्या लाइनवर एक मामा आहेत, निवृत्तीला तीन वर्षं राहिलेले. सगळी कंपनी त्यांना मामाच म्हणते. एक दिवस मी पाच नंबरवर घामाघूम होऊन टूल बदलत असताना ते शेजारी येऊन उभे राहिले. "सेटिंग तूच करून राहिला, ऑफसेट तूच घेऊन राहिला. मंग आमी का तुही आरती ओवाळाव?"

त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून खिशात छोटी वही ठेवली, वीस रुपयांची, आणि दर अर्ध्या तासानं आपण काय करतोय ते लिहायला लागलो. आठवड्यानं बेरीज केली. आठ तासांतले जवळपास पाच तास मी मशीनवर होतो, माणसांशी बोलण्यात चाळीस मिनिटं. तीही बहुतेक 'हे झालं का, ते झालं का' यातच गेलेली. कोणाला नवी जबाबदारी मिळाली असेल तर पहिल्या महिन्यात एवढी वही जरूर ठेवा. आपण दिवसभर काय करतो याबद्दल आपला अंदाज फार चुकतो.

ओळखीतले एक निवृत्त फोरमन पारडीला राहतात. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी कपाटातून हातात मावेल एवढ्या कार्डाची जुनी झेरॉक्स काढून दिली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत अनुभवी माणसं लढाईवर गेली आणि नव्यांना झटपट तयार करायची वेळ आली. तेव्हा सुपरवायझरांसाठी 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा कार्यक्रम काढला होता, ही त्यातली कार्डं. एका बाजूला काम कसं शिकवायचं ते. आधी माणसाला तयार करा, मग करून दाखवा, मग त्याला करू द्या, मग लक्ष ठेवा. खाली एक ओळ: कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्यानं शिकवलेलं नाही. दुसऱ्या बाजूला माणसांशी संबंध कसे ठेवायचे ते, आणि तिथली पहिलीच ओळ अशी की कामात कसा चाललाय ते ज्याला त्याला सांगत राहा. ही झेरॉक्स मी पाकिटात ठेवली. तिचं पुढं काय झालं ते येईलच.

जूनमध्ये मी एका मोठ्या कागदावर १७ जणांची नावं उभी आणि नऊ कामं आडवी लिहिली. प्रत्येक चौकोनात गोल. काम माहीत असेल तर पाव गोल भरायचा, देखरेखीखाली करता आलं तर अर्धा, एकट्यानं जमलं तर पाऊण, दुसऱ्याला शिकवता आलं तर पूर्ण. क्वालिटीचे लोक याला स्किल मॅट्रिक्स म्हणतात, ऑडिटसाठी आमच्याकडे एक छापील होतंच. त्यात सगळेच सगळ्यात हुशार दाखवलेले. खरं लिहिल्यावर दिसलं की बोअरिंगची सेटिंग पूर्ण येणारे फक्त दोघं. एक दोस्त, दुसरा मी. आणि मी तर आता सेटर नव्हतो.

ठेकेदाराकडून आलेला एक पोरगा होता, बावीस वर्षांचा, चटपटीत. त्याला बोअरिंग शिकवायला घेतलं. कार्डात होतं तसं, आधी त्याला काय येतं ते विचारलं, मग करून दाखवताना प्रत्येक पायरीला 'हे असंच का' सांगितलं. मग त्यानं करायचं आणि करता करता मला सांगायचं. मी हात पाठीमागं बांधून उभा. माझ्यासाठी याहून अवघड काही नव्हतं. चुकीच्या दिशेनं ऑफसेट देतोय हे दिसत असून गप्प राहायचं, टूल जॉबवर आदळणार असेल तेवढंच थांबवायचं. जूनमध्ये लाइनचं रिजेक्शन २.८ टक्क्यांवरून ३.७ वर गेलं. मॅनेजर सर म्हणाले, "तुम्हाला केलं कशासाठी?" मी स्किल मॅट्रिक्सचा कागद दाखवला आणि दोन महिने मागितले. त्यांनी एकच दिला.

जुलैत दोन गोष्टी झाल्या. कंपनीनं सिव्हिल लाइन्समध्ये एका संस्थेच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेला पाठवलं. शुल्क ४,५०० अधिक जीएसटी, एकूण ५,३१०, कंपनीनं भरलं. पहिला दिवस सगळा स्लाइडवर गेला, हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट वगैरे. दुसऱ्या दिवशी जोड्या लावून एकमेकांना नको ते सांगायचा सराव करून घेतला, तेवढ्यासाठी मात्र पैसे वसूल. काय दिसलं ते सांगायचं, त्यानं काय अडलं ते सांगायचं, 'काय झालं?' असं विचारायचं आणि मग तोंड बंद ठेवायचं. मला शेवटचं जमेना. समोरचा दोन सेकंद गप्प राहिला की मीच त्याच्या वतीनं कारण सांगून मोकळा. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "मनात दहापर्यंत मोजा." मी अजूनही मोजतो.

दुसरं म्हणजे एनपीटीईएलवर, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर, माणसांच्या व्यवस्थापनाचा बारा आठवड्यांचा कोर्स घेतला. शिकायला फुकट आहे, परीक्षा द्यायची असेल तर तेव्हा हजार रुपये लागायचे. दर आठवड्याला स्वाध्याय असतो, त्यांतल्या सर्वांत चांगल्या आठांचे मिळून २५ गुण आणि परीक्षेचे ७५. पास व्हायला स्वाध्यायात १० आणि परीक्षेत ३० लागतात. परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागते. डिसेंबर २०२२ पासून मेट्रो प्रजापती नगरपर्यंत आली आहे. मी गाडी सोडून मेट्रोनं जायला लागलो आणि प्रजापती नगर ते लोकमान्य नगर व्हिडिओ पाहायचो. इंग्रजी भराभर कळत नाही, म्हणून वेग कमी करून. त्यातला हॉथॉर्न कारखान्याचा भाग लक्षात राहिला. शिकागोजवळच्या त्या कारखान्यात १९२४ ते १९३२ प्रयोग चालले होते. उजेड वाढवला तर काम वाढलं, कमी केला तरी काही ठिकाणी वाढलंच. आपल्याकडे कोणीतरी लक्ष देतंय याचाच परिणाम, असा त्याचा नेहमी सांगितला जाणारा अर्थ. त्यावर पुढं पुष्कळ वाद झाले म्हणे. मला मात्र माझी वीस रुपयांची वही आठवली. मी वही घेऊन ज्या मशीनजवळ उभा राहायचो, तिथलं रिजेक्शन त्या दिवशी कमी असायचं आणि मी ते मशीन सुधारलं असं समजत होतो.

आता दोस्ताचं.

विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून तो उशिरा यायला लागला. पहिली शिफ्ट आठला, हा सव्वाआठ, साडेआठ. रोज नाही, आठवड्यातून दोन-तीनदा. आमच्याकडे महिन्यात तीन लेटमार्क झाले की अर्धा दिवस कापतात. तो उशिरा यायचा तेव्हा हजेरीचं पंच करायचाच नाही, नंतर सिस्टिममध्ये 'पंच मिस' टाकायचा, वेळ आठची. मंजुरीला माझ्याकडे यायचं. मी मोबाईलवर हिरवं बटण दाबायचो. एकदा, दोनदा, तीनदा. दोघंही त्याबद्दल बोलायचो नाही. मला वाटायचं, मी त्याला सांभाळून घेतोय. खरं तर मला भीती वाटत होती की मी बोललो तर तो म्हणेल, 'झाला का साहेब?' पाकिटात ती झेरॉक्स होतीच, पहिली ओळ रोज माझ्या ढुंगणाखाली.

बाकीच्यांना दिसत नव्हतं असं थोडंच आहे? ऑगस्टमध्ये त्या बावीस वर्षांच्या पोराला दहा मिनिटं उशीर झाला आणि मी त्याला सगळ्यांसमोर बोललो. त्यानं एकदा माझ्याकडे आणि एकदा दोस्ताच्या रिकाम्या मशीनकडे पाहिलं. काही बोलला नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एचआरनं पंच मिसच्या नोंदी गेटवरच्या सिक्युरिटी रजिस्टरशी ताडून पाहिल्या. सात नोंदींत सिस्टिममध्ये आठ आणि रजिस्टरमध्ये ८.२२, ८.२६, ८.३१. दोस्ताला लेखी ताकीद मिळाली, सात अर्धे दिवस कापले. मला ४८ तासांत लेखी खुलासा द्यायला सांगितलं, प्रोबेशन तीन महिने वाढू शकतं अशी शेवटी ओळ. खुलासा लिहून द्यायला एक जण तयार होता, 'कामाच्या गडबडीत अनवधानाने' वगैरे. मी स्वतः लिहिला, अर्ध्या पानाचा: सातही मंजुऱ्या मी जाणूनबुजून दिल्या, कारण विचारलं नाही, पुढं असं होणार नाही. अशी वेळ आली तर स्वतःच्या शब्दांत लिहा, तारीख टाका, आपल्या प्रतीवर पोचपावतीचा शिक्का घ्या. तो शिक्का मला पुढं कामाला आला.

त्या संध्याकाळी दोस्त टपरीवर एकटाच होता. मी शेजारी बसलो. माफी मागितली नाही, विचारलं, "सकाळी होते काय?" आणि मोजायला लागलो. सातवर तो बोलला. पोरीच्या शाळेच्या व्हॅनवाल्यानं जूनमध्ये पैसे वाढवले, यानं व्हॅन बंद केली. बायकोची आठवड्यातले तीन दिवस सकाळची ड्यूटी. त्या दिवशी पोरीला नंदनवनमधल्या शाळेत ७.४० ला सोडून अख्खं शहर ओलांडून हिंगण्याला यायचं. एवढंच. काही मोठं दुखणं नाही, व्यसन नाही, भांडण नाही.

"तर मग मला सांगायचं नं," मी म्हणालो.

"तू विचारलं? अन् तू हिरवं बटण दाबून राहिला होता, मला वाटलं चालते. पहिल्याच दिवशी म्हटलं असतं नं, 'हे चालणार नाही बे,' तर मी तेव्हाच शिफ्ट मागितली असती. आता माझ्या फाइलमधी कागद लागला, तुझ्यामुळं."

शिफ्ट बदलाचा अर्ज एका पानाचा असतो. त्याची सही, दुसऱ्या शिफ्टच्या सुपरवायझरची सही, माझी, मॅनेजरची. चार दिवसांत झालं. दुसरी शिफ्ट साडेचार ते एक, रात्रीचा भत्ता दिवसाला साठ रुपये, आणि त्यांना बोअरिंग येणारा माणूस हवाच होता. जुलैच्या पहिल्या आठवड्यात हे चार दिवसांत होऊ शकत होतं.

त्यानंतर मी पाळीपाळीनं एकेकाजवळ पंधरा मिनिटं बसायला लागलो, टूल क्रिबमागच्या, म्हणजे हत्यारांच्या खोलीमागच्या, बाकावर. कागद, पेन काही नाही. आधी ठरवलं होतं दर पंधरवड्याला. सतरा माणसांत ते जमत नाही, महिन्यातून एकदा केलं. कार्डातलंच करायचं: काय चांगलं चाललंय, काय नाही ते त्याच आठवड्यातलं उदाहरण देऊन सांगायचं, मग त्याचं ऐकायचं. पहिल्या फेरीत बहुतेकांचं एकच उत्तर, "सगळं बरोबर आहे नं भाऊ." मामा तर दोन फेऱ्या फक्त पाऊसपाण्यावर बोलले. तिसऱ्या वेळी म्हणाले, "मशीनसमोर रबरी मॅट भेटन का? गुडघे लय दुखते." किंमत ११५०. मी परचेस रिक्विझिशन टाकली: माझी सही, मॅनेजर, स्टोअर, परचेस. मॅट यायला २६ दिवस लागले. नंतर कळलं, दोन हजारांच्या आतलं पेटी कॅशमधून दोन दिवसांत मिळतं. नवीन सुपरवायझरनं पहिल्याच आठवड्यात स्टोअर आणि अकाउंट्सच्या माणसांसोबत चहा घ्यावा.

रजेचं गणित वेगळंच. १४ सप्टेंबरला पोळा, १५ ला तान्हा पोळा आणि मारबत, म्हणजे नागपुरातली पुतळ्यांची मिरवणूक. शुक्रवारसाठी पाच अर्ज आले, पहिले आले त्या तिघांना मी रजा दिली. उरलेले दोघं, आणि अर्जच न केलेले अजून तिघं, आलेच नाहीत. नागपूरच्या माणसाला मारबतीच्या दिवशी कामावर बोलावणं म्हणजे काय ते मीही जाणतो, लहानपणी काळी आणि पिवळी मारबत पाहायला बापाच्या खांद्यावर बसून गेलोय. सात मशीन बंद राहिल्या. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत," मी रिकाम्या शेडमध्ये मोठ्यानं म्हणालो, तेवढेच मामा हसले.

दसऱ्याला ते टाळलं. २४ ऑक्टोबरला दसरा, मंगळवार, त्या दिवशी कंपनीला सुट्टी. पण लाइनवरचे काही जण दीक्षाभूमीवर स्वयंसेवक असतात. बाहेरगावाहून येणारी गर्दी आधीच सुरू होते, त्यांना आदला आणि दुसरा दिवस हवा असतो. काहींच्या घरी नवरात्र, काहींना कोराडीला जायचं. सप्टेंबरच्या शेवटी मी भिंतीवर कागद लावला, दर दिवशी जास्तीत जास्त चौघं, आणि वाटून घ्यायचं काम त्यांच्यावरच सोडलं. दोन दिवस आरडाओरड झाली. मग दीक्षाभूमीवाल्यांना सोमवार-बुधवार मिळाला आणि त्यांनी बदल्यात दिवाळीच्या आधीच्या शनिवारची ड्यूटी घेतली. माझं काम फक्त सिस्टिममध्ये भरायचं.

मधेच तो पूर. २३ सप्टेंबरची पहाट, शनिवार. चार-पाच तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी शहरात घुसलं. साडेसहापासून माझा फोन वाजत होता. मे महिन्यातला मी असतो तर आधी विचारलं असतं, 'येतो की नाही?' त्या दिवशी एकेकाला फोन लावून आधी घरच्यांचं विचारलं. सहा जण आले नाहीत. त्या बावीस वर्षांच्या पोराच्या खोलीत कमरेएवढं पाणी होतं, आयटीआयचं सर्टिफिकेट, आधार, सगळं भिजलं. परमनंट लोकांना कंपनीनं त्या दिवसाची विशेष रजा दिली. ठेकेदाराच्या माणसांना नाही. मी तीन मेल लिहिले, दोनदा एचआरकडे गेलो. "तो ठेकेदाराचा विषय," एवढंच उत्तर. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "कंपनीनं दिलं तर देतो." पैसे मिळाले नाहीत. मला त्याला तसं सांगावं लागलं, आणि या वेळी मी दुसऱ्याच दिवशी सांगितलं. तो म्हणाला, "ठीक आहे भाऊ." ठीक नव्हतं. सुपरवायझरच्या सहीनं मॅट येते, शिफ्ट बदलते, यापलीकडे फारसं काही होत नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी परीक्षा दिली, ५८ आले. २५ ऑक्टोबरला कन्फर्मेशनचा फॉर्म आला, दोन पानं, पाच मुद्दे, प्रत्येकाला पाचपैकी गुण. आधी स्वतःला द्यायचे, मग सर देतात. मी शिस्तीत दोन लिहिले आणि खुलाशाची शिक्क्याची प्रत जोडली. सरांनी ती वाचली, बाजूला ठेवली, तीन केले. शेऱ्यात लिहिलं, 'मशीनवर अजूनही स्वतः जास्त वेळ देतात.' रिजेक्शन तेव्हा २.६ होतं, एप्रिलपेक्षा थोडंसंच कमी.

पत्र १ नोव्हेंबरला यायला हवं होतं. आलं नाही. एचआर म्हणालं, दिवाळीनंतर. लक्ष्मीपूजन १२ तारखेला होतं, त्या दिवशीही मी मेल तपासत होतो, बायको म्हणाली फोन पाण्यात टाकते. प्रोबेशन संपल्यावर पत्र आलं नाही तर दहा दिवसांनी एक साधा मेल टाका, तोंडी विचारत बसू नका. मी १३ ला टाकला, पत्र २१ ला आलं, लागू २ नोव्हेंबरपासून. पगारात फरक काही नाही.

दोस्त रविवारी तर्री पोह्यांना आता येत नाही. दोनदा बोलावलं, काही ना काही काम निघालं. तिसऱ्यांदा बोलावलं नाही. पण रोज साडेचारला शिफ्ट बदलते तेव्हा आम्ही चार्जची वही घेऊन समोरासमोर उभे असतो.

परवा त्यानं वही वाचली, सही केली आणि तीन नंबरच्या मशीनकडे मान वळवली. "चक आवाज करून राहिला, काल रात्रीपासून." माझा हात आपोआप पान्याकडे गेला. त्यानं पान्यांचा ट्रे उचलून पलीकडे, त्या पोरासमोर ठेवला.

"तू नको. त्याला पाहू दे."